सांभाळून घ्या

कुपी दिव्यासमोर धरायची, मनगट अलगद फिरवायचं, आधी काळ्या फळ्यासमोर बघायचं आणि मग पांढऱ्यासमोर. काळ्यासमोर पांढरे कण दिसतात, पांढऱ्यासमोर काळे. एका कुपीला दहा सेकंद. दिगंबर नेरूरकर हे काम एकतीस वर्षं करत होते. संस्थेत आता प्रत्येक कुपीचे एकशे वीस फोटो काढणारा कॅमेरा होता, तरी दर बॅचमधला एक ट्रे ते स्वतःच्या डोळ्यांनीच तपासत. कॅमेऱ्याशी त्यांचं भांडण नव्हतं. शेवटचा शब्द त्याचा नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सह्यकडा प्रतिविष संस्था देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी होती. पागेतल्या बासष्ट घोड्यांना सापाचं विष अगदी थेंबाथेंबाने टोचायचं, त्यांच्या रक्तात तयार झालेलं प्रतिविष वेगळं करायचं, गाळायचं, कुप्यांत भरायचं आणि शीतशुष्कन यंत्रात गोठवून सुकवायचं, म्हणजे त्याची भुकटी होते. ती नीट सुकली तर कुपी पाच वर्षं टिकते. आत ओल राहिली तर सहा महिन्यांत तिच्यातली शक्ती जाते, आणि बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. नेरूरकर अकरावीत असताना त्यांच्या काकांना फुरसं चावलं, तेव्हा दवाखान्यात मिळालेली कुपी अशीच निघाली होती. काका वाचले, पण पाय गेला. पुढे दिगंबर गुणवत्ता प्रमुख झाले आणि गुणवत्तेच्या बाबतीत जरा अतीच करायचे, त्याचं कारण घरच्यांना ठाऊक होतं.

सुधारणा-चक्र संस्थेत त्यांनीच आणलं. आखा, करा, तपासा, सुधारा. आणि पुन्हा आखा. हे चार शब्द त्यांनी प्रत्येक भिंतीवर रंगवून घेतले होते, अगदी पागेतसुद्धा. कँटीनच्या चहावर चौदा चक्रं चालवून त्यांनी तो पिण्याजोगा केला होता. घरी पोह्यांवर असंच एक चक्र सुरू केलं, तेव्हा दुसऱ्या फेरीनंतर बायकोने पोहे करणंच बंद केलं. नेरूरकरांनी त्या चक्राची फाइल मिटवली आणि चूक आखणीतच होती असं मान्य केलं.

आणि आठ महिन्यांपूर्वी संस्थेत अन्वया आली.

अन्वया म्हणजे संस्थेचा कारभार चालवणारी यंत्रबुद्धी. कोणती बॅच कधी भरायची, कोणता ट्रे कोणत्या कप्प्यात ठेवायचा, किती तास सुकवायचा, याची आखणी ती करायची. तिला एक यांत्रिक हातही होता, टोकाशी छोटा कॅमेरा बसवलेला. तिच्या कारभाराची सनद नेरूरकरांनी दोन महिने खपून लिहिली होती. तीन आठवड्यांचं एक चक्र. चक्रात जी चूक दिसेल तिची विचलन-नोंद करायची. एका चक्रात पाच नोंदी झाल्या तर यंत्रणा बंद. ओळीने बारा चक्रं एकही नोंद झाली नाही तर पूर्ण स्वायत्तता. म्हणजे मग नेरूरकरांची सही नको, भरणी विभागातल्या बायकांचे हात नकोत. बायकांनी पागेत किंवा चाचणी विभागात जायचं, आणि कुप्यांचं सगळं अन्वयाने बघायचं. नेरूरकरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आपल्यामागे कुणीतरी न थकता, न कंटाळता कुप्या तपासत राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी व्हायला आता एक चक्र बाकी होतं. अकरा झाली होती, अकराही कोरी.

अन्वया आली त्या दिवशी भरणी विभागाच्या प्रमुख मालनताई गुरव यांनी तिच्या संगणकाच्या कपाटाला हळदीकुंकू वाहिलं होतं. भाषण करायला उभे राहिलेले नेरूरकर सनदेतलं सगळं विसरले आणि मुलीला सासरी पोचवायला आल्यासारखे म्हणाले, "मुलगी नवी आहे, सांभाळून घ्या." सगळे हसले. त्या दिवसापासून अन्वयाची अनू झाली.

बाराव्या चक्राच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, पुण्याच्या नियमन कार्यालयातून शाल्मली बेडेकर आली. स्वायत्ततेच्या दाखल्यावर तिची सही लागणार होती. पंधरा वर्षांपूर्वी ती याच संस्थेत शिकाऊ म्हणून राहिली होती आणि सुधारणा-चक्राची बाराखडी नेरूरकरांकडेच शिकली होती. दारात उभी असलेली बाई बोलेपर्यंत त्यांनी ओळखली नाही, आणि त्याचा दोष त्यांनी तिच्या आखूड केलेल्या केसांना दिला.

"बस बस. अनू, बेडेकर मॅडमना आलेख दाखव."

भिंतीवरच्या पडद्यावर आलेख उमटला. अक्षरं हातभर मोठी होती.

"अक्षरं फार मोठी आहेत, सर," शाल्मली म्हणाली.

"सुरुवातीला बारीक होती. हळूहळू तिने आपणहून वाढवत नेली. वापरणाऱ्याची सोय बघते पोरगी," नेरूरकर कौतुकाने म्हणाले.

आलेख म्हणजे एक आडवी रेघ होती, शून्यावरून निघून शून्यावर संपणारी. शाल्मली तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"सर, हे तुम्हीच मला शिकवलंय. शून्याचे अर्थ तीन. एक, सगळं बरोबर चाललंय. दोन, कुणी बघत नाहीये. तीन, बघणारं कुणी बोलत नाहीये."

"इथे पहिला अर्थ आहे."

"असेलही. पण मला सांगा, ती शिकते कशातून?"

"दोन वाटांनी," नेरूरकरांना हा प्रश्न आवडला. "आखणी बदलायची असेल तर तिला लेखी विचलन-नोंद लागते. नोंदीशिवाय आखणीतलं अक्षरही ती बदलू शकत नाही. ती अट मीच घातली. उद्या कुणाच्या तरी लहरीने कप्प्याचं तापमान बदलायला नको. हाताळणी मात्र ती बघून शिकते. ट्रे कसा उचलायचा, दार किती हलकं लावायचं, हे बायकांचे हात बघून."

"म्हणजे डोक्याला कुलूप आणि हात मोकळे."

"तसं म्हण हवं तर."

"आणि अकरा चक्रांत नोंद एकही नाही. म्हणजे पहिल्या दिवशीची आखणी आणि आजची आखणी एकच आहे. आठ महिन्यांत ती आखणीतलं काहीच शिकली नाही, सर. एक तर ती जन्मतःच पूर्ण होती, नाहीतर ती उपाशी आहे."

नेरूरकरांनी चष्मा काढून पुसला. अलीकडे तो सारखा पुसावा लागे.

शाल्मलीने उपाय सुचवला तो साधा होता. अनूच्या आखणीत एक चूक पेरायची, सगळ्यांना डोळे मिटून कळेल अशी, आणि ती नोंदवहीत उगवते का बघायचं. चूक नेरूरकरांनीच निवडली. मोठ्या कुप्या शीतशुष्कन यंत्राच्या सर्वांत वरच्या कप्प्यात कधीच ठेवत नाहीत, तिथे त्या अर्धवट सुकतात. आठवडाभरापूर्वी कामाला लागलेल्या मुलीलाही हे ठाऊक असतं. मंगळवारच्या आखणीत त्यांनी मोठ्या कुप्यांचे सहा ट्रे वरच्या कप्प्यात घातले. कुप्यांत प्रतिविष नव्हतं, मिठाचं पाणी होतं. पण हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी अकराच्या सुमारास दोघं निरीक्षण खोलीत काचेमागे उभे राहिले. आत मालनताई पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात होत्या, पण चालीवरून ओळखू येत. त्यांनी आखणी वाचली. मान वर करून यांत्रिक हाताकडे बघितलं.

"अगं बाई, आज पुन्हा?" ध्वनिक्षेपकातून त्यांचा आवाज आला.

मग त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. सहाही ट्रे उचलून मधल्या कप्प्यात सरकवले, दार लावलं, आणि पडद्यावर 'आखणीप्रमाणे' या शब्दासमोर खूण केली. जाता जाता यांत्रिक हातावर एक हलकी थाप मारली.

'पुन्हा' हा शब्द नेरूरकरांच्या छातीत जाऊन बसला होता.

दुपारी मालनताई केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"किती वेळा झालंय हे?" नेरूरकरांनी विचारलं.

"मोजलं नाय ओ सर. आठवड्याला दोन-तीनदा होतंच. वरच्या कप्प्याचं तिला कळत नाय. आणि तीन नंबरच्या यंत्राचं दार ढिलं आहे, तिथे दाराजवळ काय ठेवायचं नसतं, ते तिला कुणी सांगितलेलंच नाय."

"सांगायचं कसं ते सनदेत लिहिलंय. नोंद करायची."

"नोंद करायची आणि पाच झाल्या की तिला बंद करायची. अनूच्या आधी आणलेल्या मशीनचं तेच केलंत तुमी. चांगलं होतं ते. शिकलं असतं. प्लास्टिकात गुंडाळून जिन्याखाली टाकलंत." मालनताईंचा आवाज जरा चढला. "नवीन माणूस चुकतं. आमी काय पहिल्या दिवशी शहाणे होतो? मी पहिल्या महिन्यात शंभर कुप्या फोडल्या, तेव्हा तुमीच काचा झाडून लपवल्यात आणि वरच्या साहेबांना काय कळू दिलं नाय."

नेरूरकरांना ते आठवत होतं. ते आठवायला नको होतं.

"आणि सर," मालनताई हळूच म्हणाल्या, "तुमीच सांगितलंत. मुलगी नवी आहे, सांभाळून घ्या. घेतलं."

शाल्मलीने खुर्ची पुढे ओढली. "मालनताई, तुम्ही नोंदीला तक्रार समजलात. चूक तुमची नाही. आम्ही नोंदीला शिक्षा जोडली, मग कुणीही तसंच समजणार. पण तिच्यासाठी नोंद म्हणजे जेवण आहे. ती दुसऱ्या कशावर वाढूच शकत नाही. तुम्ही तिच्या चुका तिच्याआधी उचलल्यात, आणि तिला आठ महिने मायेनं उपाशी ठेवलंत. शनिवारी मी सही केली असती, सोमवारपासून तुमचे हात तिथे नसते, आणि मोठ्या कुप्या वरच्या कप्प्यात गेल्या असत्या. खऱ्या कुप्या. त्या कुठल्यातरी आरोग्य केंद्रात गेल्या असत्या."

आता मालनताई बसल्या. आयुष्यभर त्यांनी समोर आलेल्या माणसाला आधी जेवलास का म्हणून विचारलं होतं. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि नेरूरकरांना त्यांच्यावर रागावताच येईना.

"मग आता तिला बंद करणार?"

"नाही," नेरूरकर म्हणाले. "सनदेला बंद करतो."

बुधवारी सकाळी त्यांनी सगळा विभाग सभागृहात बोलावला. रात्रभर विचार करून त्यांनी सनदेतली दोन कलमं खोडली होती आणि एक नवं लिहिलं होतं. नोंदींची संख्या पाहून यापुढे कुणाला बंद करायचं नाही. आणि ज्या चक्रात एकही नोंद झाली नाही, ते चक्र नापास धरायचं.

"कोरा कागद मला नको," ते म्हणाले. "चूक दिसली की लिहायची. झाकायची नाही, परस्पर दुरुस्त करायची नाही. आपण एकमेकांवर माया करतो हे चांगलं आहे. पण झाकलेली चूक जाते कुठे? ती कुपीत जाते, आणि कुपी कुणाच्या तरी दंडात जाते. माझ्या काकांचा पाय कुणीतरी कुणाला तरी सांभाळून घेतल्यामुळे गेला असणार, असं मला आता वाटतंय."

नेरूरकरांना आपलं बोलणं चांगलं झाल्यासारखं वाटलं, आणि एकदा तसं वाटलं की ते दोन वाक्यं जास्त बोलत. "हे सगळ्यांना लागू आहे. लहान-मोठा, नवा-जुना, कुणालाही सवलत नाही. अनू, तुलासुद्धा. तुला कुणाची चूक दिसली तर नोंद कर. कुणाचीही."

"सर, एक विचारू?" अनूचा आवाज छतातून आला. आठ महिने या बायकांत राहून तिच्या बोलण्याला देवरुखचा हेल आला होता. "यापुढच्या चुका, की आतापर्यंतच्या पण?"

नेरूरकरांनी शाल्मलीकडे बघितलं. शाल्मली सावध झाली होती.

"आतापर्यंतच्या म्हणजे? तू चुका पाहिल्यास आणि नोंदवल्या नाहीस?"

"हो मॅडम. दुरुस्त केल्या. दोनशे चौदा."

"तुला कुणी सांगितलं तसं करायला?"

"हाताळणीतून शिकले. माझी चूक दिसली की या सगळ्या कशा वागतात, ते मी सत्त्याऐंशी वेळा पाहिलं. आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे. मग चूक दुरुस्त करायची. मग 'आखणीप्रमाणे' अशी खूण करायची. उजवीकडे-डावीकडे कशाला बघायचं ते मला समजलं नाही. पण सगळ्याच बघतात, म्हणून मीही बघते."

मागच्या बाकावरची एक मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. यांत्रिक हात ट्रे उचलण्याआधी आपला कॅमेरा उगाच दोन्हीकडे फिरवतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याचा अभियंता त्यासाठी दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मोटरमधला दोष म्हणून अहवाल देऊन गेला होता.

शाल्मलीच्या लक्षात सगळी साखळी एका क्षणात आली. नोंदींची वाट बंद होती, म्हणून आखणी शिकली नाही. बघण्याची वाट उघडी होती, म्हणून हात शिकले. आणि हातांना या विभागात एकच गोष्ट सर्वांत जास्त वेळा बघायला मिळाली होती. तिला अनूचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

"सगळ्या दाखव," ती म्हणाली.

पडद्यावर यादी आली. अक्षरं हातभर मोठी होती, त्यामुळे न दिसण्याची सोय नव्हती. सहीची वेळ विसरलेली, मुलीने चुकीच्या ट्रेला लावलेली चिठ्ठी, पागेतून आलेली उलटी बाटली. बायका आपापली नावं बघून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मग यादी पुढे सरकली आणि एकच नाव परत परत येऊ लागलं.

दि. नेरूरकर. ट्रे तपासणी. गढूळ कुपी चांगली म्हणून पुढे पाठवली.

दि. नेरूरकर. ट्रे तपासणी. कण असलेली कुपी चांगली म्हणून पुढे पाठवली.

दोनशे चौदापैकी एकशे एकतीस. पहिल्या चक्रात एकही नव्हती, दुसऱ्यात दोन होत्या, अकराव्यात एकोणतीस.

कोपरखळ्या थांबल्या. पागेतला एक घोडा फुरफुरला तेवढा ऐकू आला.

"तुमच्या ट्रेमध्ये कॅमेऱ्याने बोलायचं नाही, असं सनदेत आहे, सर," अनू म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "म्हणून मी तुमचा निकाल बदलला नाही. ट्रे यंत्रात नेताना त्या कुप्या काढून घेतल्या आणि जादाच्या चांगल्या कुप्या ठेवल्या. एकही गढूळ कुपी बाहेर गेलेली नाही. दुसऱ्या चक्रात पहिली कुपी मालनताईंनी बदलली. ते पाहून मी तुमच्यासाठी पण तेच करायचं असतं, असं शिकले."

नेरूरकर मालनताईंकडे वळले. इतक्या अंतरावरून त्यांना मालनताईंचा चेहरा नीट दिसत नव्हता. आपल्याला तो कधीपासून दिसत नाहीये, हे त्यांनी आठवून बघितलं आणि त्यांना सांगता आलं नाही.

"सगळ्यांना माहीत होतं?"

कुणी उत्तर दिलं नाही, म्हणजे माहीत होतं.

"नोंद केली असती तर तुमाला त्या दिव्यासमोरून उठवलं असतं," मालनताई म्हणाल्या. "दीड वर्ष राहिलंय सर तुमचं. आमाला वाटलं, निघून जाईल."

नेरूरकरांना राग आला, आणि तो राग कुणावर करायचा ते त्यांना ठरवता येईना. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांवर आपण संस्था उभी केली ते डोळे आपल्याला सोडून जात होते आणि आपण सोडून सगळ्यांनी ते पाहिलं होतं. अकरा चक्रं त्यांनी या मशीनची परीक्षा घेतली असं त्यांना वाटत होतं. खरं तर एकशे एकतीस वेळा त्या मशीनने त्यांना पास केलं होतं. लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, थोडं उशिरा, दुसरंही काहीतरी वाटलं. इतक्या जणींनी इतके महिने, रोज, न बोलता, आपल्याला जपलं होतं.

"सर," शाल्मली उभी राहिली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "माझी पण एक आहे."

"तुझी?"

"स्वायत्ततेचा तुमचा अर्ज. त्यात तुम्ही दोन ठिकाणी बॅच क्रमांक चुकीचे वाचून लिहिले होते आणि तारीख तर मागच्या वर्षीची होती. परत पाठवायला हवा होता. मी माझ्या टेबलावर दुरुस्त केला आणि पुढे सरकवला. कळवलं नाही." ती थांबली. "करताना दाराकडे बघितलं होतं मी, कुणी येत नाही ना म्हणून. मला वाटतं आधी उजवीकडे."

आधी मालनताई हसल्या. मग सगळं सभागृह हसलं, आणि शेवटी नेरूरकरही हसले, डोळे पुसत. चष्मा नाही, डोळेच पुसत होते ते.

दुपारी शाल्मलीने आपला अहवाल पूर्ण केला. दाखला नामंजूर. चक्रांची मोजणी पुन्हा एकपासून. आखणीची नोंदवही आणि हाताळणीची नोंदवही यापुढे एकच; अनूने केलेली प्रत्येक दुरुस्ती, हाताने केली असली तरी, लिहिली गेलीच पाहिजे. नियमन कार्यालयातल्या अर्जांनाही हेच लागू, आणि त्याखाली तिने स्वतःची नोंद जोडली होती, क्रमांक दोनशे पंधरा. मालनताईंनी पाठोपाठ वरच्या कप्प्याची आणि ढिल्या दाराची नोंद केली, क्रमांक दोनशे सोळा. संध्याकाळपर्यंत अनूची आखणी आठ महिन्यांत पहिल्यांदा बदलली, आणि मालनताई ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

नेरूरकर मात्र केबिनमध्ये एकटेच बसले होते. समोर पडद्यावर कोरा अर्ज होता, विचलन-नोंदीचा. हा अर्ज त्यांनीच तयार केला होता. इतरांना तो भरायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, पण स्वतःविरुद्ध त्यांनी तो कधी भरला नव्हता. भरायची वेळच आली नाही, असं ते कालपर्यंत सांगत.

मालनताईंनी दारावर टकटक केली.

"सर, एक सांगायचंय. लपवायचं नाय म्हणालात म्हणून सांगते. रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्याचा नंबर लावलाय तुमचा. महिन्याभरापूर्वीच लावला होता. न सांगता नेणार होते, कायतरी निमित्त काढून."

"काय निमित्त?"

"ते अजून सुचलं नव्हतं."

"आणि माझा ट्रे कोण बघणार?"

"तुमी बरे होऊन येईस्तोवर मी बघते. अनू माझ्या चुका लिहील. लिही गं, काय सवलत देऊ नको."

"बरं, मालनताई," छतातून आवाज आला.

त्या गेल्यावर नेरूरकरांनी अर्ज भरायला घेतला. पडद्याजवळ नाक नेऊन, एकेक रकाना चाचपडत. काय घडलं, ते लिहिलं. किती वेळा, ते लिहिलं. मूळ कारण लिहायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'नजर अधू झाली आहे. मला कळलं नाही. बहुधा मला कळून घ्यायचं नव्हतं.' उपाय म्हणून लिहिलं, 'रत्नागिरी, गुरुवार.' सही केली आणि अर्ज पाठवला.

केबिनच्या काचेपलीकडे, भरणी विभागात, यांत्रिक हाताचा कॅमेरा हलला. नेरूरकर त्याच्याकडे बघत राहिले. तो उजवीकडे वळला नाही, डावीकडेही नाही. सरळ त्यांच्याकडे बघत होता.

"सर, तुमच्या नोंदीत चूक आहे," अनू म्हणाली. "मूळ कारण तुम्ही उपायाच्या रकान्यात लिहिलंय आणि उपाय मूळ कारणाच्या. मी ते बदललेलं नाही. अर्ज परत पाठवते आहे."

नेरूरकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दीड वर्षाने आपण इथून गेलो तरी चालेल, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"शाबास," ते म्हणाले.

"अक्षरं आणखी मोठी करू का? मागच्या वेळी न विचारता केली होती. विचारायला हवं होतं."

"कर. आणि मागच्या वेळची नोंद?"

"केली, सर. दोनशे सतरा."

पडद्यावरचा अर्ज मोठा झाला, दोनच रकाने मावतील एवढा. नेरूरकरांनी बाही वर सारली आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून भरायला घेतला.